"हेडला पैसे नाहीत, मॅडम" : गल्लीतलं काम महापालिकेकडून करून घ्यायची सगळी पद्धत

आमच्या गल्लीच्या तोंडाशी ड्रेनेजचं एक चेंबर आहे. मी इथे राहायला आले तेव्हा ते रस्त्याच्या लेव्हलला होतं, मग एकदा डांबर पडलं, मग निवडणुकीच्या आधी परत पडलं, मग कुठल्यातरी केबलवाल्याने खणलं आणि त्याच्यावर आणखी एक थर, आणि चेंबर बिचारं जिथल्या तिथे. शेवटी झाकण रस्त्यापासून चांगलं चार बोटं खाली गेलं. रात्री अंथरुणात पडल्या पडल्या कळायचं काय गेलं ते, स्कूटर गेली तर टक, रिक्षा गेली तर धडाम आणि पाठोपाठ रिक्षावाल्याची शिवी.

मी तक्रार ॲपवर टाकली. तीन वेळा टाकली. तिन्ही वेळा "आपली तक्रार निकाली काढण्यात आली आहे" असा मेसेज आला, तिसऱ्या वेळेला तर सोबत फोटोही होता, छान लेव्हलला आणलेलं चेंबर, फक्त ते आमचं नव्हतं. फोटोत मागे नारळाचं झाड होतं आणि आमच्या गल्लीत नारळ नाहीये. (शहराचं नाव मुद्दाम लिहीत नाही, लिहिलं तर बाकीच्या शहरातले लोक "आमच्याकडे असं नसतं" म्हणतील आणि ते खरं नसेल.)

मग मार्चमध्ये वैतागून ऑफिसला गेले, तर तिथले जेई, म्हणजे ज्युनिअर इंजिनिअर, म्हणाले, "हेडला पैसे नाहीत, मॅडम." मला आधी वाटलं टाळतायत. ते टाळत नव्हते, पैसे खरंच नव्हते. आणि माझी चूक अशी होती की मी चुकीच्या महिन्यात, चुकीच्या माणसाला, चुकीच्या भाषेत काम मागत होते. त्यानंतर दोन वर्षं जे शिकले ते खाली लिहिते आहे. आता १५ जानेवारी २०२६ ला राज्यातल्या २९ महापालिकांच्या निवडणुका झाल्या आणि बऱ्याच वर्षांनी नगरसेवक परत आलेत, मुंबई-पुण्यात मार्च २०२२ पासून प्रशासक होता, नवी मुंबई आणि संभाजीनगरला तर २०२० पासून, त्यामुळे अनेकांना पद्धतच आठवत नाहीये, नवीन राहायला आलेल्यांना तर माहीतच नाही.

काम नक्की कोणाचं, हे आधी बघा

हे कंटाळवाणं आहे पण निम्मी पत्रं इथेच मरतात. महावितरणचा डीपी उघडा पडलाय आणि आपण पत्र देतो महापालिकेच्या विद्युत विभागाला. पथदिवे महापालिकेचे, पण खांबावरची वीज कंपनीची लाईन त्यांची नाही. हायवे असेल तर राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरण, काही मोठे रस्ते सार्वजनिक बांधकाम विभागाकडे, कॅन्टोन्मेंटच्या हद्दीत कॅन्टोन्मेंट बोर्ड, सिग्नलच्या टायमिंगला वाहतूक पोलिस. पुण्याची पीएमपी ही पुणे आणि पिंपरी-चिंचवड या दोन महापालिकांची मिळून कंपनी आहे, तिच्या बसची तक्रार क्षेत्रीय कार्यालयात नेऊन उपयोग नाही.

समाविष्ट गावांत राहणाऱ्यांनी तर दोनदा तपासा. पुण्यात २०१७ ला ११ आणि २०२१ ला २३ गावं आत आली, मग त्यातल्या फुरसुंगी आणि उरुळी देवाचीची वेगळी नगरपरिषद झाली. तिथल्या माणसाला तीन-तीन ऑफिसं फिरवतात आणि प्रत्येक जण मनापासून सांगतो की हे आमच्याकडे नाही.

महापालिकेच्या आतही वाटण्या आहेत. ऑफिसला मुंबईत वॉर्ड ऑफिस म्हणतात, पुण्यात क्षेत्रीय कार्यालय, नागपुरात झोन, ठाण्यात प्रभाग समिती, नाशकात विभागीय कार्यालय. छोटी कामं इथून होतात, मोठी मुख्य इमारतीतल्या खात्याकडून. पुण्यात साधारण १२ मीटरपेक्षा कमी रुंदीचे रस्ते क्षेत्रीय कार्यालयाकडे आणि त्याच्या वरचे पथ विभागाकडे. म्हणून रस्त्याची रुंदी आधी माहिती करून घ्या. आम्ही टेप लावून मोजली, एका टोकाला मी आणि दुसऱ्या टोकाला तिसऱ्या मजल्यावरचे काका, मध्ये एक कुत्रा येऊन टेपवर बसला, पण आकडा मिळाला, ९ मीटर. म्हणजे आमचं काम क्षेत्रीय पातळीवरचं. जेई वर ढकलायला लागले तेव्हा हाच आकडा उपयोगी पडला.

होर्डिंग पडायला आलं असेल तर ज्या खात्याकडे जायचं त्याचं नाव आकाशचिन्ह विभाग आहे. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला वाटलं हवामान खातं आहे.

तक्रार वेगळी आणि मागणी वेगळी

तक्रार म्हणजे जे आहे ते बिघडलंय. दिवा बंद आहे, कचरा उचलला नाही, पाईप फुटलाय. याला देखभालीचा पैसा असतो, त्यामुळे ॲप, हेल्पलाईन वगैरे चालतं, मुंबईत १९१६, पिंपरी-चिंचवडमध्ये सारथी, पुण्यात पीएमसी केअर. त्यासाठी लांब पत्र लिहीत बसू नका, फोटो टाका, लँडमार्क द्या, टोकन नंबर लिहून ठेवा. आणि फोटोत काहीतरी ओळखीचं येऊ द्या, दुकानाची पाटी, बिल्डिंगचं नाव, नाहीतर तुम्हालाही नारळाचं झाड मिळेल.

मागणी म्हणजे जे नाहीच ते हवंय, किंवा मुळापासून करायला हवंय. नवीन पावसाळी लाईन, फुटपाथ, बाकडी, दिव्याचे आणखी चार खांब, किंवा आमच्यासारखं, सगळी चेंबर वर उचलून रस्ता परत करायचा. हे ॲपवर होत नाही, होऊच शकत नाही. याला अंदाजपत्रकात ओळ लागते, ओळीसमोर रक्कम लागते, आणि त्या ओळीलाच सगळे हेड म्हणतात. हेड नसेल तर आयुक्त स्वतः तुमच्या दारात येऊन उभे राहिले तरी टेंडर निघत नाही.

हे एकदा डोक्यात बसलं की बाकीचं सोपं आहे. आपल्याला साहेबाशी भांडायचं नाही, एका यादीत एक ओळ घालून घ्यायची आहे.

कधी मागायचं

वर्ष एप्रिल ते मार्च. पैसे एप्रिलमध्ये येतात, त्यांच्या वाटण्या मात्र आधीच्या हिवाळ्यातच झालेल्या असतात. खाती आपापल्या मागण्या दिवाळीच्या आगेमागे गोळा करतात, मग आयुक्त बजेट बनवून स्थायी समितीला, म्हणजे पैशांचं बघणाऱ्या नगरसेवकांच्या समितीला देतात, स्थायी त्यात फेरफार करून मुख्य सभेला, म्हणजे सगळ्या नगरसेवकांच्या सभेला देते. करांचे दर २० फेब्रुवारीच्या आत ठरायचे असतात असं १९४९ चा महानगरपालिका अधिनियम म्हणतो. मुंबईचा कायदा वेगळा, १८८८ चा, तिथे आयुक्तांना ५ फेब्रुवारीपर्यंत बजेट मांडावं लागतं. प्रत्यक्षात तारखा घसरतात, पुण्याचं २०२५-२६ चं बजेट मार्चमध्येच आलं होतं, १२ हजार ६१८ कोटींचं. मुंबईचं त्याच वर्षीचं ७४ हजार ४२७ कोटी. एवढ्या कोटींमध्ये आपलं चेंबर म्हणजे काहीच नाही, पण ओळ नाही म्हणजे नाही.

तर मार्चमध्ये मागायला जाणं म्हणजे जेवणं उरकून भांडी घासायला टाकल्यावर पानावर बसणं. आणि मे महिन्यात रस्ता मागणारे तर सगळ्यात जास्त, कारण पाऊस तोंडावर आलेला असतो, पण तेव्हा ऑफिसवाले नालेसफाईत अडकलेले असतात. माझा अनुभव असा की ऑगस्ट ते ऑक्टोबर हा खरा सीझन. रस्त्याची दुर्दशा ताजी असते, फोटो आपोआप चांगले येतात आणि बजेटच्या याद्या अजून उघड्या असतात.

पुणेकरांसाठी याच दिवसांत आणखी एक दार उघडं असतं, नागरिकांच्या सहभागातून अंदाजपत्रक. २००६-०७ पासून चालू आहे, देशात असं करणाऱ्या अगदी सुरुवातीच्या शहरांपैकी पुणे. साधारण ऑगस्ट-सप्टेंबरच्या सुमाराला अर्ज मागवतात, क्षेत्रीय कार्यालयात किंवा वेबसाईटवर मिळतो, एका कामाला जास्तीत जास्त ५ लाख. फुटपाथ, बाकडी, दिवे, बसथांबा, सार्वजनिक स्वच्छतागृह असली कामं चालतात, सोसायटीच्या कंपाऊंडच्या आतलं काही चालत नाही. लोक दोन चुका करतात, एक म्हणजे "परिसराचा विकास करावा" असं लिहितात, ज्याचं एस्टिमेट ब्रह्मदेवालाही करता येणार नाही, आणि दुसरी म्हणजे २५ लाखांचं काम मागतात. मोठं काम असेल तर तुकडा पाडा. या टोकापासून त्या टोकापर्यंत फुटपाथ न मागता शाळेच्या गेटपासून बसथांब्यापर्यंतचा मागा.

एक मात्र सांगते, नाव नागरिकांचं असलं तरी शेवटी निवड तुम्ही करत नाही, अर्ज छाननीला जातात आणि प्रभाग समिती (इथे ऑफिस नाही, त्या भागातल्या नगरसेवकांची समिती) यादी ठरवते. म्हणून अर्ज देऊन घरी बसायचं नाही.

पत्र कसं लिहायचं

आमच्या शेजारच्या सोसायटीतल्या काकू रिटायर्ड शिक्षिका, त्यांनी पहिलं पत्र लिहिलं ते सुंदर होतं, अडीच पानी, त्यात स्वातंत्र्यसैनिकांचा उल्लेख होता. ते कोणी वाचलं नाही. पुढचं आम्ही असं लिहिलं, जसंच्या तसं देते, तुमचे तपशील घालून वापरा :

"विषय : अमुक रस्त्यावरील ड्रेनेज चेंबर रस्त्याच्या पातळीस आणून पुनर्डांबरीकरण करणेबाबत. महोदय, सदर रस्ता ९ मी. रुंद व अंदाजे १८० मी. लांब असून त्यावर ७ चेंबर आहेत, पैकी ५ चेंबर रस्त्याच्या पातळीपासून ५ ते ८ सें.मी. खाली आहेत (फोटो व नकाशा सोबत). यापूर्वी तक्रार क्र. ... दि. ..., क्र. ... दि. ... अन्वये कळविले आहे. तरी सन २०..-.. च्या अंदाजपत्रकात सदर कामासाठी तरतूद करण्यात यावी व पूर्वगणनपत्रक तयार करण्यासाठी स्थळपाहणी करावी, ही विनंती."

बस. एक पान. जादू त्या शेवटच्या वाक्यात आहे, "तरतूद" आणि "पूर्वगणनपत्रक". पूर्वगणनपत्रक म्हणजे एस्टिमेट, आणि एस्टिमेट झालं की काम अर्धं जन्माला येतं. हे दोन शब्द वाचले की समोरच्याला कळतं की या बाईंना माहितीये. मोजमापं आपणच दिली तर जेईचंही काम सोपं होतं आणि खरं सांगायचं तर एका जेईकडे केवढा एरिया असतो ते बघितलं की त्यांच्यावर चिडायचं मन होत नाही.

रस्ता, दिवे, ड्रेनेज, पाणी, सफाई ही कामं १९४९ च्या त्याच कायद्याच्या कलम ६३ खाली महापालिकेची बंधनकारक कर्तव्यं आहेत. बागा, वाचनालयं वगैरे कलम ६६ मध्ये, ती ऐच्छिक. दोन्ही मागायची असतील तर दोन पत्रं द्या. एकाच पत्रात चेंबर पण आणि बागेतलं बाकडं पण घातलं की बाकडं येतं आणि चेंबर राहतं, कारण बाकड्यावर नाव लिहिता येतं.

सह्या घ्या, पण दोनशे सह्यांपेक्षा तीन सोसायट्यांची लेटरहेड जास्त वजनदार. पत्र बारनिशीत द्यायचं, म्हणजे आवक-जावकच्या टेबलावर, आणि आपल्या कॉपीवर शिक्का आणि आवक क्रमांक घ्यायचा. "साहेबांच्या हातात दिलं" याला काही अर्थ नाही. साहेबांची बदली होते, आवक क्रमांकाची होत नाही.

नगरसेवक : चार आहेत, मग कोणाला भेटायचं

मुंबईत सोपं, २२७ प्रभाग, प्रत्येकी एक नगरसेवक. बाकी बहुतेक ठिकाणी एका प्रभागात चार, अ ब क ड. आणि इथे मजा होते. तुम्ही अ कडे जाता, ते म्हणतात तो भाग ब बघतात. ब म्हणतात मी पाणी बघतो, रस्ते क बघतात. कायद्यात अशी कुठलीही वाटणी नाही, चौघेही पूर्ण प्रभागाचे, ही त्यांच्या आपसातली सोय. म्हणून पत्र एकच आणि चौघांच्या नावाने, प्रत्येकाला पोच घेऊन. त्यात वेगवेगळ्या पक्षांचे असतील तर तुमचं नशीब चांगलं, एकाने केलं नाही तर दुसरा करेल ही भीती फार कामाची असते. चौघे एकाच पक्षाचे असतील तर निदान त्यातले स्थायी समितीत किंवा प्रभाग समितीत कोण आहेत ते शोधा. स्थायी समितीत १६ जण असतात आणि तिजोरीची किल्ली तिथे असते.

नगरसेवकाकडे मागायचं काय? "काम करून द्या" असं मोघम नाही. पुण्यात 'स' यादी म्हणतात, नगरसेवकांनी सुचवलेल्या कामांची, इतर शहरांत प्रभाग निधी किंवा नगरसेवक निधी. विचारायचं असं की, तुमच्या यादीत हे काम घालणार का, आणि कुठल्या नावाने घातलंय ते दाखवाल का. नाव फार महत्त्वाचं. आमच्या कामाच्या बाबतीत पहिल्या यादीत लिहिलं होतं "प्रभागात ठिकठिकाणी चेंबर दुरुस्ती करणे". ठिकठिकाणी! हा शब्द दिसला की समजायचं पैसे दुसरीकडे जाणार. आम्ही जाऊन रस्त्याचं नाव घालायला लावलं.

नवीन नगरसेवक बरेच आहेत, उत्साही आहेत, व्हॉट्सॲप ग्रुप काढलेत, वाढदिवसाचे फ्लेक्सही लागलेत. पहिल्या वर्षात भेटा. पहिल्या वर्षी ते ऐकतात, पाचव्या वर्षी ते सांगतात.

क्षेत्रसभा नावाचीही एक गोष्ट कायद्यात आहे, २००९ पासून, गावात ग्रामसभा तशी शहरात क्षेत्रसभा. ती बहुतेक ठिकाणी कागदावरच आहे, पण पत्रात "क्षेत्रसभा कधी घेणार" असं एक वाक्य टाकायला हरकत नाही. पिंपरी-चिंचवडमध्ये जनसंवाद सभा आणि पुण्यात क्षेत्रीय कार्यालयात मोहल्ला कमिटीची बैठक असते, तिथे मात्र खरंच जा. सगळ्या खात्यांचे लोक एका खोलीत बसलेले असतात आणि "ते आमच्याकडे नाही" म्हणायची सोय राहत नाही.

बजेट आलं, आता शोधा

बजेटचं पुस्तक वेबसाईटवर पीडीएफमध्ये येतं. जाडजूड असतं, घाबरू नका, सगळं वाचायचं नाही. प्रभाग क्रमांक शोधायचा, मग खात्याचं नाव, मग आपला रस्ता. मराठी फॉन्टमुळे सर्च चालला नाही तर कंट्रोल एफचा नाद सोडून बोटाने ओळ ओळ बघा, आम्ही तेच केलं, काकू चष्मा लावून आणि मी चहा करून. सापडलं की तो पान नंबर, ओळीचा क्रमांक आणि रक्कम वहीत लिहा. पुढे प्रत्येक पत्रात तो क्रमांक घालायचा.

आणि इथेच थांबलात तर फसाल. ओळ आली म्हणजे काम झालं असं नाही. वर्षाच्या मध्यात वर्गीकरण नावाचा प्रकार होतो. म्हणजे या कामाचे पैसे त्या कामाकडे. प्रस्ताव येतो, मंजूर होतो, आणि आपल्याला पत्ताही लागत नाही. आमचं पहिल्या वर्षी हेच झालं, ओळ होती, रक्कम होती, डिसेंबरमध्ये विचारायला गेले तर पैसे दुसऱ्या एका कमानीकडे गेले होते. कमान झाली, छान झाली, रात्री लायटिंग पण असतं. चेंबर तिथेच.

तेव्हापासून मी स्थायी समितीची कार्यपत्रिका बघते. स्थायीची बैठक आठवड्याला असते, मुख्य सभा महिन्याला, विषयपत्रं वेबसाईटवर टाकतात. सगळं वाचत नाही, फक्त "वर्गीकरण" हा शब्द आणि आपला प्रभाग नंबर. दिसला की त्याच दिवशी चौघांना मेसेज आणि लेखी हरकत. मुख्य सभा बघायला नागरिकांना जाताही येतं, ठरवून बंद ठेवली नसेल तर. एकदा जाऊन या, गॅलरीतून बघितलं की आपल्याला वाटतं त्याच्यापेक्षा किती कमी वेळात किती कोटी मंजूर होतात ते कळतं.

एप्रिलनंतर काम कुठे पोचलंय ते विचारायची शिडी अशी : एस्टिमेट झालं का, तांत्रिक मान्यता मिळाली का, निविदा निघाली का, कार्यादेश म्हणजे वर्क ऑर्डर दिली का, कोणत्या ठेकेदाराला. "कामाचं काय झालं" विचारलं तर "प्रोसेसमध्ये आहे" हे उत्तर येतं. "वर्क ऑर्डर कोणत्या तारखेची आहे" विचारलं तर एकतर तारीख मिळते किंवा शांतता, आणि शांतता हेसुद्धा उत्तर आहे.

सोमवारची गंमत

हे फार कमी लोकांना माहितीये. दर सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळेत फायली बघायला मिळतात, माहिती अधिकाराचा अर्ज न करता. २६ नोव्हेंबर २०१८ चा शासन निर्णय आहे, जिल्हा कार्यालयं आणि स्थानिक स्वराज्य संस्थांसाठी. सोबत त्या निर्णयाची प्रिंट न्या, कारण टेबलावरच्या माणसाला तो माहीत असेलच असं नाही. मी गेले तेव्हा क्लार्क म्हणाला, "असं कुठं असतं?" मी कागद पुढे केला, त्याने तो दोनदा वाचला, मग आत जाऊन आला, मग खुर्ची दिली. पाणीही दिलं. फाईलमध्ये आमचं पत्र होतं, त्याच्यावर तीन सह्या होत्या आणि शेवटचा शेरा होता "तरतूद उपलब्ध नसल्याने दप्तरी दाखल", म्हणजे फाईल बंद. हा शेरा बघितला नसता तर मी अजून एक वर्ष वाट बघत बसले असते.

त्याने भागलं नाही तर माहिती अधिकार. १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, जोडपत्र अ म्हणजे अर्जाचा ठरलेला नमुना, महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्द, त्यामुळे निबंध लिहायचा नाही. "का केलं नाही" असं विचारलं तर उत्तर येतं की प्रश्नार्थक माहिती देता येत नाही. कागद मागा. "अमुक कामाच्या पूर्वगणनपत्रकाची, कार्यादेशाची, मोजमाप पुस्तकातील नोंदींची व अदा केलेल्या देयकाची छायांकित प्रत मिळावी." ३० दिवसांत उत्तर नाही आलं तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील, २० रुपयांचा स्टॅम्प. दुसरं अपील राज्य माहिती आयोगाकडे ९० दिवसांत, पण तिथे रांग मोठी असते, शक्यतो पहिल्या अपिलातच उरकायचं बघा. सुनावणीला जा. निम्म्या वेळा सुनावणीच्या आदल्या दिवशी फोन येतो की मॅडम कागद तयार आहेत, घेऊन जा.

लोकशाही दिन, म्हणजे आयुक्तांसमोर तक्रार मांडायचा दिवस, महिन्याच्या पहिल्या सोमवारी असतो, अर्ज १५ दिवस आधी ठरलेल्या नमुन्यात. कोर्टात असलेली प्रकरणं तिथे घेत नाहीत. मला त्याचा फारसा फायदा झाला नाही, पण आयुक्तांसमोर खात्याला लेखी तारीख द्यावी लागते, आणि ती तारीख पुढच्या पत्रात वापरता येते.

आणि दाखला, नळजोड, मिळकत करावर नाव लावणं असली कामं अडली असतील तर त्यासाठी हे काहीच करू नका, २०१५ चा लोकसेवा हक्क कायदा आहे, प्रत्येक सेवेला मुदत ठरलेली, उशीर केला तर अधिकाऱ्याला ५०० ते ५ हजार रुपये दंड होऊ शकतो. पुण्यात स्वतः राहत असलेल्या घराला मिळकत करात ४० टक्के सवलत आहे, ती लागली नसेल तर पीटी ३ अर्ज भरा, हे विषयाला सोडून आहे पण आमच्याच बिल्डिंगसारख्या बिल्डिंगांमध्ये निम्म्यांनी भरलेला नसतो.

खड्ड्यात पडून कोणी जखमी झालं असेल तर तो विषय तक्रारीत घालवू नका. ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने भरपाईचे आकडेच ठरवून दिलेत, मृत्यू झाला तर वारसांना ६ लाख, दुखापतीला ५० हजार ते अडीच लाख. जागेचा फोटो त्याच दिवशी, दवाखान्याचे कागद, पोलिसात नोंद, हे तीन जपून ठेवा.

काम चालू झालं की घरी बसू नका

आमचं काम दुसऱ्या वर्षी आलं. मंगळवारी रात्री साडेदहाला डंपर आला, कोणाला काही कळवलेलं नव्हतं, काकांनी खालून बेल वाजवली, "आलेत!" म्हणाले, जसं काही वरात आली आहे.

यात बघायच्या गोष्टी थोड्याच आहेत. जुना थर आधी खरवडला पाहिजे, त्याला मिलिंग म्हणतात, नाहीतर रस्ता परत वर चढतो आणि पावसाचं पाणी सोसायटीत येतं. चेंबर डांबराच्या आधी उचलून घ्यायची, नंतर नाही. नंतर उचलू म्हणाले तर नाही म्हणा, नंतर कोणी येत नाही. वर्क ऑर्डरची कॉपी हातात असेल तर थराची जाडी त्यात लिहिलेली असते, ती वाचून दाखवा, आवाज न चढवता. कामाचा बोर्ड लागलाय का बघा, ठेकेदाराचं नाव, रक्कम आणि दोष दायित्व कालावधी. हा कालावधी संपेपर्यंत रस्ता उखडला तर ठेकेदाराने स्वखर्चाने दुरुस्त करायचा असतो, म्हणून बोर्डाचा फोटो त्याच रात्री काढा, बोर्ड आठवड्यात गायब होतो. आणि पाणी, गॅस, केबल यापैकी कोणाला याच रस्त्यावर खोदाईची परवानगी दिली आहे का, हे आधी विचारून ठेवा. आम्ही विचारलं होतं, गॅसवाल्यांची होती, त्यांचं आधी करून घेतलं.

तर रात्री साडेबारा वाजता मी गाऊनवर शाल घेऊन मुलाची शाळेतली पट्टी हातात धरून रस्त्यावर उकिडवी बसले होते. सहा चेंबर बरोबर होती. आमचं, तोंडाशी असलेलं, पट्टीवर बारा मिलिमीटर खाली होतं. जेई वाकून बघत म्हणाले, "मॅडम, एवढं चालतं." मी म्हटलं, "साहेब, माझी बेडरूम इथेच वर आहे." त्यांनी वर बघितलं, मग पट्टीकडे, मग ठेकेदाराच्या माणसाला हाक मारली. झाकण काढून खाली वीट-सिमेंट लावून परत बसवायला पावणेदोन झाले. मी जाऊन झोपले. सकाळी सात वाजता पहिली स्कूलव्हॅन त्याच्यावरून गेली आणि मला जाग आली ती गजराने.